शेवटच्या पानावरचं उत्तर

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. त्यांची दहा वर्षांची मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहे. भाषा आणि गणित बरं आहे, पण बुद्धिमत्ता चाचणीत ती अडते: रांगेतली जागा, संख्यामालिका, 'कोण कुठे बसलं' असली कोडी. रोज रात्री जेवणं आटोपली की मायलेकी अभ्यासाला बसतात. अडचण अशी की आईलाही हे प्रश्न सुटत नाहीत. म्हणून मुलगी शाळेत गेली की त्या मार्गदर्शक पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची उत्तरं बघतात, बरोबर पर्यायाजवळ पेन्सिलीने बारीक ठिपका करून ठेवतात, आणि रात्री 'थांब हं, सुचलं' म्हणून उत्तर सांगतात. दोन महिने हे चाललं. मागच्या आठवड्यात मुलगी रडायला लागली: "तुला बघितल्या बघितल्या येतं नं आई, मला का नाही येत? मी ढ आहे." नवऱ्याचं म्हणणं, परीक्षेत वेळ पुरत नाही, ट्रिका शिकवणारा क्लास लावू. क्लासचा एक मोफत तास करून झाला. फी जड आहे आणि क्लास घरापासून लांब. त्या विचारतात: मुलीला खरं सांगू का? क्लास लावू का? आणि जे मलाच सुचत नाही ते मी तिला शिकवू कसं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला सांगू. हिवाळ्यातली दुपार, गच्चीवर ऊन खात बसलेली बाई, मांडीवर लेकीचं पुस्तक, आणि शेजारीण डोकावली की ते पटकन मिटायचं! दुसऱ्यांदा वाचताना मात्र लेकीच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही रोज रात्री जे दाखवत होता ते तिने खरं मानलं. प्रश्न वाचायचा, क्षणभर छताकडे बघायचं आणि पर्याय सांगून टाकायचा. हुशार माणसं अशी असतात, हे तिच्या मनात बसलं. मग तिने स्वतःकडे बघितलं. दहा मिनिटं गेलेली, तीन वेळा खोडलेलं, कागदाला भोक पडलेलं. म्हणजे आपण ढ. तिचा तर्क बिनचूक आहे, ताई. तिला मिळालेली माहिती तेवढी चुकीची होती.

तुमच्या पत्रात 'सुचणं' हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला. 'मला सुचत नाही', 'तिला सुचत नाही', 'यांना सुचतं पण सांगता येत नाही'. माझी पहिली हरकत या शब्दालाच आहे. गाण्याची चाल सुचते. भांडण संपून तासभर झाल्यावर नेमकं उत्तर सुचतं. बुद्धिमत्ता चाचणीतले बहुतेक प्रश्न मात्र सुचायची वाट बघत बसण्यातले नसतात. जे दिलंय ते कागदावर उतरवत गेलं की पुढचं दिसायला लागतं, आणि दिसलं नाही तर काय उतरवायचं राहिलं ते शोधायचं असतं.

नुसतं सांगून हे पटायचं नाही, म्हणून एक कोडं घेऊ. मी तुमच्यासाठी बसून बनवलंय, त्यामुळे कुठल्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याचं उत्तर नाही.

आजी, आत्या, काकू आणि मावशी बर्डीवरून लोकमान्य नगरकडे जाणाऱ्या मेट्रोत बसल्या. चौघी चार वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरल्या. येतात त्या क्रमाने ती स्टेशनं अशी: झाशी राणी चौक, शंकर नगर, सुभाष नगर, लोकमान्य नगर. (मधली स्टेशनं मी गाळलीत, तिथे कुणी उतरलं नाही.) माहिती एवढीच आहे. आत्या उतरल्यावर चौघींपैकी लगेच काकू उतरली. मावशी झाशी राणी चौकात उतरली नाही आणि शंकर नगरलाही नाही. आजी सगळ्यात आधी उतरली नाही आणि सगळ्यात शेवटीही नाही. तर कोण कुठे उतरलं?

बहुतेक मुलं, आणि त्यांच्या आयाही, पहिल्या विधानाला धरून सुरू होतात, कारण ते पहिलं छापलेलं असतं. आत्या पहिली आणि काकू दुसरी? की दुसरी-तिसरी? की तिसरी-चौथी? हे तिन्ही डोक्यात धरून पुढचं वाचायला गेलं की डोकं भणभणतं आणि पेन्सिल दातात जाते. विधानं ज्या क्रमाने छापलीत त्याच क्रमाने वापरा, असं कुणी सांगितलंय? ज्या विधानाने सरळ सरळ जागा बंद होतात ते आधी घ्यायचं. आणि अशी विधानं बहुतेक वेळा 'नाही'ची असतात. मुलांना 'नाही'चं विधान म्हणजे काहीच न सांगणारं वाटतं, ती ते वाचून सोडून देतात. खरं काम तेच करतं.

वहीचं एक पान घ्या. वर चार स्टेशनं लिहा, डावीकडे चौघींची नावं. सोळा चौकटी झाल्या. मावशीसमोर पहिल्या दोन चौकटींत फुली. आजीसमोर पहिल्या आणि चौथ्या चौकटीत फुली. आतापर्यंत आपण काहीच शोधलेलं नाही, दिलेलं लिहून काढलं फक्त. आता पहिलं विधान. काकू आत्याच्या नंतर उतरली, म्हणजे काकू पहिली असू शकत नाही. तिच्यासमोर पहिल्या चौकटीत फुली. तसंच आत्या शेवटची असू शकत नाही. तिच्यासमोर चौथ्या चौकटीत फुली. आता झाशी राणी चौकाच्या खाली उभं बघत या. आजीला फुली, काकूला फुली, मावशीला फुली. उरली कोण? आत्या. ती झाशी राणी चौकात उतरली म्हणजे काकू शंकर नगरला. आजीला आता सुभाष नगरच उरलं, आणि मावशी लोकमान्य नगरपर्यंत बसून राहिली.

यात कुणाला काय सुचलं, सांगा बरं. सहा फुल्या मारल्या आणि एक उभी रांग वाचली.

हे पान लेकीसमोर करा, पण एक पथ्य पाळा. फुली मारताना कारण मोठ्याने बोलायचं. 'मावशी इथे नाही, कारण दुसऱ्या ओळीत लिहिलंय.' कारण सांगता आलं नाही तर फुली मारायची नाही. दोन-चार दिवसांनी तुम्ही गप्प बसा आणि तिला बोलू द्या. यजमानांनाही याच कामाला लावा. 'सुचतं पण सांगता येत नाही' असं ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यांच्या डोक्यात पायऱ्या असतातच. सवयीने ते त्या इतक्या भराभर उतरतात की त्यांना स्वतःलाच दिसत नाहीत. बोलायला लावलं की वेग कमी होतो आणि पायऱ्या दिसतात. नवऱ्याचा वेग कमी करण्याची संधी रोज थोडीच येते!

मोठ्यांच्या कोड्यांतही हेच चालतं. अभ्यासिकांमध्ये बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली मला पत्रं लिहितात, त्यांच्यासाठी एक जुनं उदाहरण देते. इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी या कोडी रचणाऱ्या गृहस्थांनी १९२४ साली एका मासिकात एक बेरीज छापली होती. 'सेंड' (SEND) आणि 'मोअर' (MORE) हे चार-चार अक्षरांचे इंग्रजी शब्द मिळवले की पाच अक्षरांचा 'मनी' (MONEY) येतो. एक अक्षर म्हणजे एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक. बघितल्यावर घाम फुटतो, कारण आठ अक्षरांचे अंक शोधायचे असतात. पण चार अंकी दोन संख्या कितीही मोठ्या घ्या, ९९९९ दोनदा मिळवले तरी १९९९८च होतात. म्हणजे पाच अंकी उत्तराचा पहिला अंक १ सोडून दुसरा असूच शकत नाही. एक अक्षर मिळालं, आणि 'मोअर'ची सुरुवात त्याच अक्षराने होते, म्हणून तिथेही १. पुढची साखळी लांब आहे, शेवटी ९५६७ अधिक १०८५ बरोबर १०६५२ येतं. पण सुरुवात 'नक्की काय' या प्रश्नाने झाली. 'कदाचित काय' याने केली असती तर रात्र गेली असती.

कधी कधी नक्की असं काही सापडतच नाही, तेव्हा 'समजा' म्हणावं लागतं. मेट्रोचं कोडं मी स्वतः आधी असंच सोडवलं होतं. समजा आजी शंकर नगरला उतरली. मग आत्या आणि काकू लागोपाठ उतरायच्या तर त्यांना सुभाष नगर आणि लोकमान्य नगरच घ्यावं लागेल. मावशीला झाशी राणी चौक उरतो, आणि तिथे तर ती उतरली नाही. म्हणजे आपलं 'समजा' चुकलं, आजी सुभाष नगरला. बाकीचं ओळीने लागतं.

'समजा' आणि अंदाज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ताई, आणि या फरकासाठी मी एकदा सपाटून मार खाल्लाय. वर्तमानपत्रातलं सुडोकू मी पेनाने सोडवायचे. ऐट! एकदा सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईला निघाले होते. वर्ध्याला एका चौकटीत ४ येईल की ७ ते ठरेना, म्हणून ठोकून दिला ४. धामणगाव मागे पडलं आणि आठव्या ओळीत दोन ७ आले. आता चूक कुठे झाली? चाळीसेक अंक भरलेले, सगळे सारख्याच निळ्या शाईत. कुठला नक्की होता आणि कुठला ठोकून दिलेला, काही कळायला मार्ग नाही. समोरच्या बाकावर कॉलेजातली एक मुलगी तेच सुडोकू सोडवत होती. तिने दोन अंकांची शंका होती तिथे कोपऱ्यात बारीक दोन्ही अंक लिहून ठेवले होते आणि 'समजा' धरलेल्या आकड्याभोवती गोल केला होता. चुकलं की त्या गोलापर्यंत मागे यायचं. बस. नीट बनवलेल्या सुडोकूला उत्तर एकच असतं. तसं एकच यायचं तर निदान १७ अंक आधी द्यावे लागतात, हे २०१२ साली आयर्लंडमधल्या गणितज्ञांनी संगणकाकडून सगळं तपासून घेऊन दाखवून दिलं. म्हणजे लागणारं सगळं चौकटीत आधीच असतं, माझं ठोकून देणं कुणी मागितलेलंच नव्हतं. त्या दिवसापासून पेन्सिल. तुमचीही पेन्सिल आहेच, ठिपक्यांऐवजी गोल करायला वापरा.

आता क्लासचं बघू. लावूच नका असं मी म्हणणार नाही. चांगला शिकवणारा मिळाला तर मुलांना बळ येतं, चार मुलांत बसून सोडवायची मजाही वेगळी. पण मोफत तासातून लेक जे शिकून आली ते तुम्हीच पत्रात लिहिलंय, ते जरा जवळून बघू. 'रांगेत समोरून १२वा आणि मागूनही १५वा तोच मुलगा, तर एकूण मुलं किती?' याला तिथली ट्रिक अशी: दोन्ही मिळवा, एक वजा करा. १२ आणि १५ सत्तावीस, वजा एक सव्वीस. बरोबर. मग घरी हा प्रश्न आला: '४० मुलांच्या रांगेत मीना समोरून १२वी, राजू मागून १५वा, दोघांच्या मध्ये किती मुलं?' पोरीने मिळवले २७, ट्रिकेप्रमाणे एक वजा केला, ४० मधून २६ काढले आणि उत्तर लिहिलं १४. उत्तर १३ आहे.

एक का वजा करायचा? पहिल्या प्रश्नात तोच मुलगा समोरून मोजताना एकदा आला आणि मागून मोजताना पुन्हा आला, दोनदा मोजला गेला. म्हणून एक कमी करायचा. दुसऱ्या प्रश्नात मीना वेगळी, राजू वेगळा, दोनदा कुणीच मोजलं गेलं नाही. मग कमी काय करायचं? ४० मधून २७ काढले की झालं. हे समजायला ओट्यावर हरभऱ्याचे दाणे मांडा. चाळीस नकोत, सात पुरेत. समोरून तिसरा दाणा बोटाने दाबा, मागून पाचवा मोजत या, बोट त्याच दाण्यावर येईल. तीन आणि पाच आठ, दाणे मात्र सात. तो एक दाणा तिला बोटाखाली लागला की 'वजा एक' कुठे आणि कुठे नाही हे पाठ करावं लागत नाही. मोठे आकडे अडवत असतील तर छोटे घेऊन बघायचे, ही तर घरात करायची सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

म्हणून क्लासच्या सरांना जाऊन एकच प्रश्न विचारा: 'एक का वजा करायचा?' त्यांनी दाणे, रेघा, मुलं उभी करून, कसंही समजावलं तर फीचा विचार करा. 'मॅडम, परीक्षेत का विचारत नाहीत, किती विचारतात,' असं म्हणाले तर घरी या. आणि जायला-यायला रोज तास-दीड तास जाणार असेल तर तो वेळ पोरीच्या झोपेतून आणि खेळातून जातो, हेही त्या फीत धरा.

यजमानांची वेळेची काळजी मात्र खोटी नाही. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. सोळा चौकटी आखत बसलं तर कसं व्हायचं? पण रोज आखणाऱ्याला महिन्याभराने सगळ्या चौकटी आखाव्या लागत नाहीत. जी, त्या, का, मा अशी चार अक्षरं आणि चार फुल्या पुरतात. वेग असाच येतो, आधी सगळं लिहून, मग हळूहळू कमी लिहून. तेव्हा पहिला महिना घड्याळ खोलीबाहेर ठेवा. नंतर वीस प्रश्न घेऊन वेळ लावा, आणि दीड मिनिटात वाट दिसली नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे जायचं हेही शिकवा. सोडून पुढे जाणं पुष्कळ मुलांना येत नाही. ती हट्टाने एकाच प्रश्नात रुतून बसतात.

संख्यामालिकेबद्दल तुम्ही विचारलंय की एखादीच्या डोक्यात नियम येतच नसेल तर काय. लगतच्या दोन संख्यांमधला फरक खाली लिहायचा, तो काही बोलत नसेल तर फरकांमधला फरक. ३, ७, १५, ३१ घेतलं तर फरक ४, ८, १६, म्हणजे पुढचा ३२ आणि उत्तर ६३. लेक म्हणेल, 'मी तर दुप्पट करून एक मिळवला.' तरी ६३च. दोन्ही वाटांना शाबासकी द्या. आणि तिचा नियम उत्तरपत्रिकेशी जुळला नाही तरी लगेच 'चूक' म्हणू नका, आधी नियम विचारा. १, २, ४, ८, १६ च्या पुढे काय? ३२, आपण सगळे म्हणतो. पण वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना रेषांनी जोडले आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजलं, तर एका बिंदूपासून पाच बिंदूंपर्यंत हेच आकडे येतात, १, २, ४, ८, १६, आणि सहा बिंदूंना येतात ३१. काढून बघा, मोजताना डोळे फिरतात. परीक्षेत सोपा नियम आणि दिलेले पर्याय बघायचे, ते ठीकच. पण पुढची संख्या एकच असते हे परीक्षेपुरतं खरं, एवढं घरात माहीत असलेलं बरं.

आता तुमचा पहिला प्रश्न, जो मी मुद्दाम मागे ठेवला. सांगा. पण डोळ्यांत पाणी आणून, मांडीवर घेऊन, 'आईने तुला फसवलं' असं नको. दहा वर्षांच्या पोरीला आईची क्षमायाचना पेलत नाही, ती तुम्हालाच समजावत बसेल. पुस्तक उघडा, ठिपका दाखवा आणि म्हणा, 'हे बघ, हे मी मागे बघून केलं होतं. उत्तर माहीत होतं, पण कसं ते मला अजून येत नाही. तू आणि मी काढू.' ती चिडेल. एक दिवस बोलणार नाही कदाचित. मग पुस्तकातले बाकीचे ठिपके शोधायला लागेल, हे मी तुम्हाला लिहून देते. शोधू द्या.

तुम्हाला वाटतं, आईला येत नाही हे कळलं तर पोरीचा आपल्यावरचा विश्वास उडेल. आईला सगळं यायला हवं हा नियम कुणी केला? पोळी लाटायला ती तुमच्याकडूनच शिकेल, तुमच्या पहिल्या पोळ्या बघायला मात्र ती नव्हती. गणितात तिला तुमच्या पहिल्या पोळ्या बघायला मिळताहेत, आफ्रिकेच्या नकाशासकट. आणि तुम्ही अडलेल्या असताना ती एखादी फुली तुमच्या आधी मारेल, त्या रात्री 'मी ढ आहे' हे वाक्य घरातून जाईल. तुम्ही कितीही 'नाही गं, तू हुशार आहेस' म्हणालात तरी ते जायचं नाही.

त्या रात्रीचं वातावरण हलकं करायला एक खेळ देते. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय कापरेकर नावाचे एक मास्तर होते, १९०५ ते १९८६ हा त्यांचा काळ. विद्यापीठातले पुष्कळ गणिती त्यांच्याकडे लक्ष द्यायचे नाहीत. शाळा सांभाळून हे आकड्यांशी खेळत बसायचे. १९४९ साली त्यांना ६१७४ चं वेड सापडलं. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या करा, चढत्या क्रमाने लावून दुसरी, आणि मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. लेकीचं जन्मवर्ष २०१५ असेल तर ५२१० वजा ०१२५, आले ५०८५. मग ८५५० वजा ०५५८, ७९९२. पुढे ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे हलत नाही, ७६४१ वजा १४६७ केलं तरी ६१७४च. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. तुमचं जन्मवर्ष घ्या, मेट्रोच्या तिकिटावरचे चार आकडे घ्या, यजमानांच्या गाडीचा नंबर घ्या. गंमत म्हणजे मध्ये वजाबाकी चुकली तरी बहुधा शेवटी ६१७४लाच पोचता. पण मोजणी सातच्या पुढे गेली तर समजायचं, वाटेत कुणीतरी घसरलंय. शोधायला लावा. इथे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे उत्तरासाठी कुणी झटतच नाही, सगळा जीव वाटेत असतो. तुमच्या घराला सध्या हाच खेळ बरा.

आणि ते शेवटचं पान. ते फाडून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. कशाला? उत्तर बघणं पाप नाही, पुष्कळ कोडी शेवटाकडूनच सुटतात. दोघींनी मिळून उत्तर बघा आणि तिथून उलट्या पावली प्रश्नापर्यंत या. वाटेत मिळवलं असेल तर वजा करायचं, दुप्पट केलं असेल तर निम्मं करायचं, जे शेवटी केलं ते आधी उलटवायचं. त्यासाठी एक प्रश्न पाठवते, याचं उत्तर मी छापत नाही.

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या तीन टोपल्या आहेत. पहिलीतून ४ संत्री काढून दुसरीत टाकली. मग दुसरीतून ६ काढून तिसरीत टाकली. आता तिन्ही टोपल्यांत वीस-वीस संत्री आहेत. सुरुवातीला कुठल्या टोपलीत किती होती?

मला उत्तर कळवू नका. तिचा कागद पाठवा, फुल्या, गोल आणि खाडाखोडीसकट. तुमचाही पाठवा, आणि पाठवण्याआधी स्वच्छ उतरवून काढायचं नाही.